लांबलेले पाळणे

आमच्या बैठकीत नवीन बाई आली की तिला पहिल्याच दिवशी सांगतात, इथलं बोलणं इथंच ठेवून जायचं. आम्ही सगळ्याजणी इमानदारीत ठेवून जातो. पण इतक्या वर्षांत ते इतकं साठलंय, की आता त्या खोलीत बसायला जागा उरली नाही!

म्हणून थोडं बाहेर काढते. बायकांना विचारूनच काढते. नावं सगळी बदललीत, गावं जरा इकडची तिकडं केलीत. शकूमावशीला विचारायला गेले तर म्हणाली, 'नाव राहू दे, गुडघं बदलून देनार आसशील तर बोल!'

आम्ही म्हणजे शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या एचआयव्ही असलेल्या बायका. गोळ्या घ्यायच्या दिवशी भेटतो. कुणाला नवऱ्याकडून आलेला, कुणाला जन्मापासूनचा. मी छाया, मीही त्यातलीच. आधी नुसती यायचे, आता ही बैठक चालवणाऱ्या संस्थेचं काम करते. काम म्हणजे काय, नवीन बाई रडत आली की तिच्याजवळ बसायचं.

लोकांना वाटतं, या बायका जमल्या की आजाराबद्दल बोलत असतील. आजाराचं काय बोलायचं? गोळी घ्यायची, पाणी प्यायचं, झालं. आम्ही बोलतो मुलांबद्दल. झालेल्या, न झालेल्या, होऊ न दिलेल्या.

* * *

आमच्यात एक पद्धत आहे. शिरूरच्या बायका गोळ्या घ्यायला दौंडला येतात आणि दौंडच्या शिरूरला जातात. ओळखीचं कुणी भेटायला नको! सगळ्या स्कार्फ बांधून, नुसते डोळे उघडे.

नसीम शिरूरची. तिच्या नवऱ्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. ती यायची बुरख्यात आणि आम्हाला चिडवायची, 'बांधा, बांधा स्कार्फ. मला बघा, सख्खा भाऊ ओळखणार न्हाई!'

एक दिवस दौंडला दवाखान्याच्या रांगेत उभी होती. मागून आवाज आला, 'नसीमभाभी, चपला कवा घेतल्या? चांगल्या हायेत की!'

चपलांवरून ओळखलं! शेजारची बाई होती, कुणाला तरी बघायला वॉर्डात आलेली. 'तुम्ही इथं कशा?' म्हणून विचारायला लागली.

नसीमला एक मुलगी. त्यानंतर दोघा नवरा-बायकोचा आजार कळला आणि दोघांनी ठरवलं, दुसरं नको. कंडोम कधी चुकवला नाही. घरात सासूला यातलं काही माहीत नव्हतं. नसीमनं घाईघाईत तोंडाला येईल ते सांगितलं, 'दुसरं राहत न्हाई, म्हणून दाखवायला आले.'

एसटी शिरूरला पोचायच्या आत फोन पोचला. सासू, म्हणजे अम्मी, दारातच उभ्या. पण चिडलेल्या नाहीत, खुशीत! 'अगं, मला वाटायचं तुलाच नकोय. तू तर दवाखाने करतीस!'

झालं. अम्मींनी मनावर घेतलं. हा डॉक्टर, तो डॉक्टर, हे औषध, ती दुवा. नसीम प्रत्येक वेळी काहीतरी कारण काढून टाळायची. शेवटी अम्मी म्हणाल्या, 'मग मुश्ताकचं दुसरं लग्न करते.'

मुश्ताकभाई त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. 'अम्मी, तिच्यात काही न्हाई. दोष माझ्यात हाय.'

अर्धं खरं होतं ते! पण अम्मींनी पूर्ण खरं धरलं. रोज सकाळी बदाम, हकीमाची औषधं, दूध. मुश्ताकभाई चांगले टम्म झाले. अम्मी जाईपर्यंत त्यांना बोलत राहिल्या, 'बायकोला एक पोर देता येईना तुला!'

नसीम सांगते, 'ह्यांना आजारावरून कुणी कधी बोललं न्हाई ताई. मी बी न्हाई. पहिल्यांदा कुणीतरी बोललं, आन् ते बी चुकीच्या गुन्ह्याबद्दल!'

आधी हे सांगताना ती हसून हसून लोळायची. अम्मी गेल्यापासून फक्त सांगते.

* * *

शकूमावशी राहू गावची. विधवा. लोकांच्या उसात खुरपायला जाते, घरची एक म्हैस आहे. मोठा मुलगा बाळू, सून, नातवंडं असं भरलेलं घर. आजाराचं घरात कुणाला ठाऊक नाही.

बैठक संपली की संस्थेची मुलगी सगळ्यांच्या पिशव्यांत कंडोमची पाकिटं टाकते. सधवा-विधवा काही बघत नाही. मावशी पहिल्यांदा आली होती तेव्हा तिच्याही पिशवीत टाकली. मावशीनं वाटेत मेथीच्या जुड्या घेतल्या आणि वर ठेवल्या.

घरी सुनेनं भाजी काढायला पिशवी उलटी केली.

'आत्या, हे काय वो?'

बाळू तिथंच बूट काढत होता. मावशी म्हणते, मला दोनच गोष्टी सुचल्या. एक खरी आणि एक खोटी. खोटी सोपी वाटली.

'हाय माझं एक मानूस,' मावशी म्हणाली. 'तुला काय करायचंय?'

आम्ही हे ऐकलं तेव्हा हसून पोट दुखायला लागलं. मी म्हटलं, 'मावशी, अहो त्यापेक्षा आजार सांगितला असता तर!'

'येडी का काय तू? आगं, लफडं केलं तर गाव बोलतं आन् इसरतं. पर ताट येगळं करीत न्हाई!'

पुढं गावानं माणूसही शोधून काढला. डेअरीवर दूध मोजून घेणारे बबनआप्पा. एकटे, देवभोळे, वर मान करून न बघणारे. त्यांच्या कानावर हे गेल्यावर ते इतके घाबरले, की मावशी किटली घेऊन येताना दिसली की डेअरीच्या मागं जाऊन उभे राहायचे. दूध मोजायला दुसऱ्या कुणाला तरी पुढं करायचे. मावशी त्यांना लांबूनच ओरडून सांगायची, 'आप्पा, या की भाईर! खानार हाय का काय मी तुमाला?' त्यानं तर आणखीच खात्री पटली लोकांची!

मागच्या बैठकीत मी विचारलं, 'बाळू बोलतो का आता?'

मावशी जरा वेळ शेंगदाण्याची टरफलं गोळा करत बसली. मग म्हणाली, 'ताट येगळं न्हाई केलं त्यानं. पर माझ्यासंगं ताटावर बसत बी न्हाई.'

* * *

वैशाली आमच्यातली सगळ्यात लहान. कोरेगाव भीमाची. जन्मापासून पॉझिटिव्ह. आईवडील ती शाळेत असतानाच गेले, मामानं वाढवलं. कंपनीत पॅकिंगला लागली, तिथं फोर्कलिफ्ट चालवणारा संदेश भेटला. तो निगेटिव्ह. तिनं त्याला सुरुवातीलाच सगळं सांगितलं होतं, तरी मागं हटला नाही. विहारात साधं लग्न केलं. आम्ही सगळ्याजणी पांढऱ्या साड्या नेसून गेलो होतो. मामाच्या ओळखीची माणसं विचारायची, 'ह्या एवढ्या मावश्या कुठल्या गं तुझ्या?'

लग्नानंतर महिन्याभरात वैशाली रडत आली. 'ताई, ते कंडोम वापरतच नाहीत. म्हणतात, माझं तुझ्यावर प्रेम हाय, मला काय करायचंय ते?'

तेव्हा तिच्या रक्तात विषाणू बऱ्यापैकी होता, नुकत्याच गोळ्या बदललेल्या. आम्ही काउन्सेलर मॅडमना सांगितलं. त्यांनी संदेशला बोलावलं, चार्ट दाखवले, चित्रं दाखवली. गडी मान खाली घालून, 'हो मॅडम, पण प्रेम हाय ना माझं.'

शकूमावशी कोपऱ्यात बसली होती. म्हणाली, 'का रं बाबा, ते फोरकलीप का काय चालिवताना डोक्यावर टोपी घालतूस का?'

'हेल्मेट? घालावंच लागतं मावशी. सेफ्टी हाय.'

'मग? कंपनीवर प्रेम न्हाई व्हय तुझं?'

संदेश सुधारला!

पण वैशालीला त्याच्या सुधारण्यावर सोडायचं नव्हतं. तिला आत्ता मूल नको होतं. पुढं बघू, आधी तब्येत बसू दे, म्हणाली. तिनं ठरवलं, तांबी बसवायची. मी तिला एका दवाखान्यात घेऊन गेले. कुठल्या ते सांगत नाही.

पहिल्या टेबलावरच्या सिस्टरनं विचारलं, 'मुलं किती?'

'एकही नाही.'

'मग तांबी कशाला गं? नवीन लग्न, आधी एक होऊ दे की! जा, त्या मॅडमना भेट.'

दुसऱ्या टेबलावरच्या मॅडमनी तिचं गोळ्यांचं कार्ड पाहिलं. 'अगं बाई! असं आहे होय? मग तू मुलाचा विचारच करू नकोस. ऑपरेशनच करून टाक, कायमची काळजी मिटंल. त्या सिस्टरना सांग.'

वैशाली परत पहिल्या टेबलाशी. तिथून पुन्हा दुसऱ्या. बाकावरच्या बायका वळून वळून बघायला लागल्या. शेवटी ही मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, 'मॅडम, तुम्ही दोघी आधी ठरवा काय ते, मग मला बोलवा!'

सगळा व्हरांडा हसला. दोघी मॅडमही हसल्या.

तांबी काही त्या दिवशी मिळाली नाही. पुढं दुसरीकडं बसवली, ती गोष्ट वेगळी. पण बाहेर रसाच्या गाड्यावर उभ्या असताना वैशाली म्हणाली, 'ताई, मी मागायला काय आले होते, ते दोघींना शेवटपर्यंत आठवलंच नाही बघा.'

* * *

आता माझा आणि सुरेखाचा किस्सा.

सुरेखा केंदूरची. आमच्या दोघींचा आजार एकाच सुमाराला कळला. एकाच बाकावर बसून रडलो, तिथूनच मैत्री. तेव्हा आम्हाला एकच सांगितलं जायचं, आता मूल नको. मला एक मुलगी, तिलाही एक मुलगी. दोघींनी ठरवलं, ऑपरेशन करून मोकळं व्हायचं.

एका गावात कॅम्प लागला होता. मांडव, सतरंज्या, ओळीनं बसलेल्या बायका. रांगेत मी पुढं, सुरेखा मागं. डॉक्टरांनी विचारलं, 'काही आजार वगैरे?'

मी खरं सांगितलं. मला वाटलं, डॉक्टरला नाही तर कुणाला सांगायचं?

मला बाजूला बसवलं. 'तुमचं सगळ्यात शेवटी घेऊ.' मग म्हणाले, त्यासाठी वेगळं सामान लागतं, ते आणलेलं नाही. मग म्हणाले, 'तुम्ही पुण्यालाच जा बरं.' तोवर माझ्या शेजारची सतरंजी रिकामी झाली होती. बायका उठून लांब जाऊन बसल्या होत्या.

हे सगळं सुरेखानं बघितलं. तिची पाळी आली.

'काही आजार?'

'न्हाई.'

संध्याकाळी एकाच जीपमधून परत आलो. ती आडवी, मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. ग्लानीतच म्हणाली, 'येडी हायेस तू छाये. खरं कशाला बोलायचं?'

मी पुण्याला गेले नाही. नवरा आजारी, मुलगी लहान, राहून गेलं. पुढच्याच वर्षी मला दिवस गेले. इतकी रडले! पाडायला गेले तर उशीर झाला म्हणाले. पण तोवर बाळाला आजार जाऊ नये म्हणून आईला गोळ्या द्यायला लागले होते. त्या मी घेतल्या. मुलगा झाला. निगेटिव्ह. तो रांगायला लागायच्या आत नवरा गेला, पण पोरगं राहिलं. आता सायकलवरून शाळेत जातं.

सुरेखाचाही नवरा गेला. सासरच्यांनी मुलगी ठेवून घेतली आणि हिला माहेरी पाठवून दिलं. मुलीला भेटू देत नाहीत.

एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून मी पोराला बैठकीला घेऊन गेले. सुरेखानं त्याला जवळ ओढलं. बोटांनीच त्याचा भांग पाडला, पुन्हा विस्कटला, पुन्हा पाडला. माझ्याकडं न बघताच म्हणाली, 'खरं बोललीस ते बरं केलंस बघ.'

त्यानंतर मी त्याला बैठकीला नेलं नाही.

* * *

सुरेखाचं दुसरं लग्न जमलं ते आमच्या मेळाव्यात. संस्थेनं पॉझिटिव्ह लोकांसाठी वधू-वर मेळावा घेतला होता, चौफुल्याजवळच्या एका कार्यालयात. काय मजा सांगू! पत्रिका कुणी बघत नव्हतं, सगळे रिपोर्ट बघत होते. एक जण माईकवर आला आणि म्हणाला, 'शिक्षण दहावी, शेती बागायत, सीडीफोर आठशे!' सीडीफोर म्हणजे आजाराशी लढायची अंगातली ताकद मोजतात तो आकडा. आठशे ऐकल्यावर टाळ्या पडल्या! एरवी 'मुलगा काय करतो?' विचारणारे मामालोक तिथं विचारत होते, 'मुलाचा व्हायरल लोड किती?' लोड म्हणजे रक्तात विषाणू किती उरलाय ते. तो जितका कमी, तितका मुलगा उजवा!

दिलीपभाऊ दौंडचे. रेल्वेच्या ठेकेदाराकडं कामाला. पहिली बायको वारलेली, मूलबाळ नाही. शांत माणूस. त्यांना विचारलं, 'तुमच्या अपेक्षा?'

'काय न्हाई,' ते म्हणाले. 'एखादं मूल आसावं.'

संस्थेच्या ताईंनी सुरेखाकडं बघितलं. 'चालेल ना?'

मी तिच्या शेजारीच बसले होते. मी तिला टेबलाखालून चिमटा काढला. तिनं माझा हात घट्ट धरून ठेवला आणि म्हणाली, 'व्हय.'

लग्न झालं. डॉक्टरांनी सांगितलं, दिलीपभाऊंच्या गोळ्या बदलल्यात, लोड खाली आल्याशिवाय मुलाचा विचार नको, तोवर कंडोम वापरा. दोघांनी ऐकलं. इतकं ऐकलं, की काउन्सेलर मॅडम नवीन जोडप्यांना त्यांचंच उदाहरण द्यायच्या. 'हे बघा, किती शहाणे आहेत! कधी चुकत नाहीत!'

मी सुरेखाला बाजूला घेऊन म्हणायचे, 'सांगून टाक गं बाई.'

'सांगंन की. डॉक्टर आजून थांबाच म्हनत्यात न्हवं?'

* * *

मध्यंतरी वैशालीनं आपणहून तांबी काढून घेतली. गोळ्या लागू पडल्या होत्या, लोड इतका खाली की रिपोर्टमध्ये दिसतच नव्हता. तिला मुलगी झाली. दीड वर्षांनी पोरीचा शेवटचा रिपोर्ट आला. निगेटिव्ह! संदेशनं पेढे आणले. पोरगी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर फिरत होती. नसीमनं तिला काजळ लावलं, संदेश प्रत्येकीला बळंच दुसरा पेढा देत होता.

शकूमावशीनं पेढा हातातच धरून ठेवला होता. काउन्सेलर मॅडमना म्हणाली, 'ह्या पोरीला काय दिलं वो तुमी?'

'आईला गोळ्या चालूच होत्या मावशी. आणि बाळाला जन्मल्यावर काही आठवडे औषध. पातळ असतं, ड्रॉपरनं पाजायचं.'

'आसं. कसं लागतं ते?'

'म्हणजे?'

'चवीला. कडू आसतं का?'

'असतं थोडं कडवट. पण घेतात मुलं.'

मावशीचा धाकटा मुलगा फार पूर्वी गेला, नुकता चालायला लागला होता तेव्हा. तिनं तो विषय कधी काढला नव्हता. त्याच्या वेळी असलं औषध इकडं कुणी ऐकलंही नव्हतं.

'माझ्यानं बी घेतलं आसतं,' मावशी म्हणाली. 'लई शाना हुता.'

* * *

मग सुरेखा आणि दिलीपभाऊंना मी पुण्याला घेऊन गेले. मोठ्या तपासणीचे रिपोर्ट घ्यायचे होते. तिथल्या काउन्सेलर नवीन होत्या, लग्न न झालेली हसरी मुलगी. रिपोर्ट बघून टाळीच वाजवली तिनं.

'अभिनंदन! दोघांचाही लोड दिसत नाहीये. इतकी वर्षं थांबलात, आता बाळाचा विचार करायला काहीच हरकत नाही!'

'बरं,' दिलीपभाऊ म्हणाले.

'बरं,' सुरेखा म्हणाली.

मुलगी उत्साहानं समजावत होती. कुठल्या दिवसांत कंडोम वापरायचा नाही, कधी टेस्ट करायची, बाळाला औषध किती दिवस. दोघं एकसारखे मान हलवत होते. चांगला रिपोर्ट आल्यावर इतके पडलेले चेहरे मी कधी बघितले नव्हते. सुरेखाचं मला कळत होतं. दिलीपभाऊंना काय झालं, ते कळेना.

दुपारच्या दौंड एसटीत बसलो. ते दोघं पुढं, मी त्यांच्या मागच्या सीटवर. हडपसर गेलं, लोणी गेलं, उरुळी गेलं. यवतला शेंगावाला चढला. दिलीपभाऊंनी शेंगा घेतल्या, एक पुडी मागं मला दिली.

गाडी हलली आणि सुरेखा म्हणाली, 'अहो, मला एक सांगायचंय.'

'सांग की.'

'माझं ऑपरेशन झालंय. आपल्या लग्नाच्या आधीच. लई वर्षं झाली.'

मी मागं चावायची थांबले.

दिलीपभाऊंनी एक शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले. खिडकीबाहेर बघत म्हणाले, 'माझं बी.'

'काय तुमचं बी?'

'ऑपरेशन. नसबंदी.'

सुरेखा अख्खी वळली. 'तुमची? गड्याची?'

'पहिलीला टीबी झाला हुता. लई अशक्त. तिला कुठं टेबलावर चढवायची? म्हणून मीच जाऊन करून आलो.'

'मग मेळाव्यात मूल पायजे म्हणून कशाला बोललात?'

'सगळीच बोलत हुती. मला वाटलं, बाईमाणसाला मूल पायजेच आसतं. न्हाई म्हणलो आसतो तर कोण आली आसती?' मग थोड्या वेळानं, 'तू कशाला व्हय म्हणलीस?'

'तुम्हाला पायजे हुतं म्हणून!'

मी खिडकीकडं तोंड करून बसले होते, माझं अस्तित्वच नको असं वाटत होतं.

मग दिलीपभाऊ हळूच म्हणाले, 'मी तर नाव बी ठरवलं हुतं.'

'कुणाचं?'

'पोरीचं. आपलं मनातल्या मनात.'

'काय?'

'प्राजक्ता.'

सुरेखानं हातातली शेंग फोडली, दाणे त्यांच्या हातावर ठेवले. 'प्राजक्ता नको. ईश्वरी.'

'तू बी ठरवलं हुतंस?'

'ईश्वरी.'

'ईश्वरी शेजारच्या पवारांची हाय की. हाक मारली तर दोघी येतील.'

'येऊ द्या. प्राजक्ताचं लोक पाजू करत्यात.'

'मी करू देणार न्हाई.'

'शाळेत काय मागं मागं फिरणार हाय का तुम्ही?'

'फिरंन!'

'फिरा! नाव ईश्वरीच ऱ्हाईल!'

चौफुला गेलं. वरवंड गेलं. आवाज वाढत चालले. कंडक्टर एकदा बघून गेला. पाटस जवळ आलं तेव्हा पुढच्या सीटवरच्या आजींना राहवेना. त्या मागं वळल्या आणि सुरेखाला म्हणाल्या, 'आगं बाई, बाप हाय त्यो. ठिवू दे की त्याला नाव! कितवा म्हैना हाय तुला?'

दिलीपभाऊंनी हातातली टरफलं खिडकीबाहेर टाकली.

सुरेखानं पदर सारखा केला.

'आजून येळ हाय आजी,' ती म्हणाली, आणि पुन्हा नवऱ्याकडं वळली. 'ईश्वरीच ठेवायचं.'